हस्तगत शस्त्रावरचा क्रमांक रंगाखाली गाडू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात शत्रूकडून हस्तगत केलेल्या एका रणगाड्यासमोर उभ्या असलेल्या शाळकरी मुलांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. ते पाहून मी नातीला घेऊन जिल्ह्यातील त्या संस्थेच्या आवारात गेलो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही गोष्ट एकाच ठिकाणची नाही. रणगाडा स्वच्छ होता, भोवती फुलझाडे होती आणि समोरच्या पाटीवर "1965 च्या युद्धात हस्तगत केलेला रणगाडा" एवढेच लिहिलेले होते. बुरुजाच्या बाजूला हात फिरवला तेव्हा ऑइलपेंटच्या जाड थराखाली ओतकामात उठवलेली अक्षरे अंगठ्याला लागली. पहिली दोन अक्षरे ओळखता आली, पुढचे आकडे मात्र वर्षानुवर्षांच्या रंगाने बुजून सपाट झाले होते. आत जाण्याच्या झाकणाजवळ पट्टी बसवण्याची चार भोके होती, पट्टी नव्हती. नातीने विचारले, "आजोबा, नंबर कशाला हवाय?" हे पत्र तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच लिहीत आहे.

मी ओझरच्या विमान कारखान्यात तीन दशकांहून अधिक काळ तपासणी विभागात नोकरी केली. आमच्याकडे क्रमांक आणि तपासणीसाचा शिक्का नसलेला सुटा भाग, तो कितीही निर्दोष दिसला तरी, विमानापर्यंत पोहोचत नसे. कोणत्या धातूचा, कोणत्या लॉटमधला, कोणी आणि कधी तपासलेला, हे सारे त्या चार-सहा आकड्यांत असते. आपल्या सोयीसाठी कारखान्याने मारलेले हेच आकडे शत्रूच्या हाती पडले की त्याच्यासाठी उघडे पुस्तक होतात, आणि शत्रूचे आकडे आपल्या हाती आले की आपल्यासाठी. म्हणून हस्तगत शस्त्र हे आधी वाचायचे असते, मिरवायचे नंतर.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवते, हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. हेरांच्या आणि इतर रूढ मार्गांच्या माहितीवरून जून 1940 ते सप्टेंबर 1942 या काळासाठी महिन्याला सुमारे 1400 असा अंदाज निघत होता. संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. पकडलेल्या आणि निकामी झालेल्या रणगाड्यांवरचे क्रमांक त्यांनी गोळा केले. त्यांत गिअरबॉक्सचे क्रमांक विशेष उपयोगी पडले, कारण ते खंड न पडता ओळीने दिलेले होते, आणि चाकांच्या रबरावरील साच्यांच्या खुणाही त्यांनी सोडल्या नाहीत. त्यावरून आकडा निघाला महिन्याला 246. युद्धानंतर जर्मन दप्तरे तपासली तेव्हा खरा आकडा 245 असल्याचे दिसले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

या हिशेबात अवघड काहीच नाही. समजा, लासलगावच्या बाजार आवारात येणाऱ्या कांद्याच्या ट्रॉलींना सकाळपासून एकपासून ओळीने क्रमांक दिले, आणि आपण रस्त्यावर कुठल्याही पाच ट्रॉली थांबवून 12, 31, 40, 47 आणि 60 हे क्रमांक पाहिले. एकूण ट्रॉली 60 पेक्षा कमी नाहीत हे उघडच आहे. सर्वांत मोठा क्रमांक 60, त्यात 60 ला पाचाने भागून आलेले 12 मिळवायचे आणि एक वजा करायचा, की 71 येतात, आणि हाच एकूण ट्रॉलींचा चांगला अंदाज. आवारात पाऊल न टाकता आवक कळली. नववीच्या मुलाला समजेल असा हा हिशेब आहे, पण त्यासाठी पाचही क्रमांक वाचता आले पाहिजेत. त्यांवर रंग फासलेला असेल तर गणित तिथेच संपले.

क्रमांक वाचणाऱ्या माणसाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण तंत्रज्ञाचे नाव अशा कथांत सहसा मागेच राहते. 27 फेब्रुवारी 1942 च्या रात्री ब्रिटिश छत्रीधारी सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रुनेव्हाल या गावाजवळ उतरले. तेथील जर्मन वुर्झबर्ग रडार नुसते उडवून द्यायचे नव्हते, त्याचे भाग काढून आणायचे होते. त्यासाठी त्यांच्याबरोबर फ्लाइट सार्जंट कॉक्स हा रडार मेकॅनिक होता. सैन्यात येण्यापूर्वी तो चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवत असे. गोळीबार चालू असताना त्याने आणि त्याच्या साथीदारांनी स्क्रू काढून, जे निघेना ते उपटून, भाग हातगाडीवर लादले आणि किनाऱ्यावर आणले. या भागांच्या अभ्यासातून समजले की यंत्र जोडणी-सुटीला सोपे, दुरुस्तीला सोयीचे होते, मात्र त्याच्या लहरींची कंपनसंख्या (फ्रिक्वेन्सी) बदलून शत्रूने मुद्दाम घातलेल्या गोंधळातून निसटण्याची सोय त्यात नव्हती. पुढे जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यांत ब्रिटिश विमानांनी धातूच्या पातळ पट्ट्या आकाशात सोडून जर्मन रडार आंधळे केले. हे ज्ञान पेट्यांत भरून आणलेल्या रेडिओ-व्हॉल्व्ह आणि तारांतून आले, आणि ते ओळखणारा मेकॅनिक सोबत नसता तर सैनिक नेमके काय आणावे हे न कळून रिकाम्या हाताने परतले असते.

हस्तगत वस्तूचा उपयोग नक्कल करण्यासाठीही होतो, आणि या बाबतीत आपल्या नाशिकचा संबंध फार जवळचा आहे. 24 सप्टेंबर 1958 रोजी तैवानच्या सेबर लढाऊ विमानांनी चिनी मिग-17 विमानांवर साइडवाइंडर ही अमेरिकी क्षेपणास्त्रे सोडली. त्यांतले न फुटलेले एक चीनच्या हाती लागले, तेथून ते सोव्हिएत संघात पोहोचले आणि त्याच्या अभ्यासातून के-13 हे क्षेपणास्त्र तयार झाले. मिग-21 च्या पंखाखाली हेच लावले जाई. म्हणजे ज्या मिग-21 साठी 1960 च्या दशकात ओझरला कारखाना उभा राहिला आणि निफाड-दिंडोरीच्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या, त्या विमानाच्या क्षेपणास्त्राची कूळकथा एका न फुटलेल्या अमेरिकी नळीपाशी जाते. आम्ही कामाला लागलो तेव्हा ही गोष्ट जुने सहकारी जेवणाच्या सुट्टीत सांगत. आज ती कोणत्याही पाटीवर नाही.

मात्र नक्कल हा एकच हेतू नसतो. जून 1942 मध्ये अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांतील अकुतान बेटावर जपानचे एक झिरो विमान दलदलीत उतरताना उलटले आणि त्याचा वैमानिक कोगा मृत्युमुखी पडला. महिन्याभराने अमेरिकनांना ते जवळजवळ अखंड सापडले. दुरुस्त करून उडवल्यावर कळले की मोठ्या वेगात त्याचे एलेरॉन (विमान कलते करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात आणि नाक झटकन खाली दाबले की इंजिन अडखळते. अमेरिकी वैमानिकांना तेवढी माहिती पुरेशी होती. शत्रूबद्दलची आंधळी भीती कमी होणे, हाही या कामाचा मोठा लाभ आहे, आणि तो कुठल्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

आपल्या देशापुरते बोलायचे तर कारगिल विसरता येणार नाही. 1999 मध्ये घुसखोर हे मुजाहिद्दीन आहेत, पाकिस्तानी सैन्याचा त्यांच्याशी संबंध नाही, असे पाकिस्तान सुरुवातीला सांगत होता. परत घेतलेल्या ठाण्यांवर आपल्या जवानांना सापडलेली ओळखपत्रे आणि पगाराची पुस्तके पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या सैनिकांची निघाली, आणि तो दावा टिकला नाही. खिशातल्या एका पुस्तिकेने येथे तोफेइतके काम केले. पाकिस्तानने ज्यांचे मृतदेह स्वीकारले नाहीत त्यांना आपल्या सैन्याने रीतसर दफन केले, हेही याच संदर्भात सांगितले पाहिजे. कागद जपून ठेवले आणि माणसाचा मानही राखला, या दोन्ही गोष्टींचा मला एक नागरिक म्हणून अभिमान वाटतो.

आता अलीकडच्या घटनेकडे येतो. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याच्या शेतांत चिनी बनावटीच्या पीएल-15 क्षेपणास्त्राचे मोठे तुकडे पडले आणि 12 मे रोजी हवाई दलाने पत्रकार परिषदेत अशा अवशेषांची छायाचित्रे दाखवली. त्याआधीच मोबाइलवर फिरत असलेल्या चित्रफितींत लोक त्या तुकड्यांना हात लावताना, ते उचलून उभे राहताना दिसत होते. उत्साह मी समजू शकतो. पण न जळलेले इंधन किंवा न फुटलेला स्फोटक भाग किती घातक असतो, हे देवळालीच्या गोळीबार मैदानालगतच्या गावांना वेगळे सांगायला नको. शिवाय तुकडा कुठे, कोणत्या दिशेने तोंड करून, दुसऱ्या तुकड्यापासून किती अंतरावर पडला, हीच त्याची अर्धी माहिती असते. तो उचलून ओसरीवर आणला की ती पुसली गेली. आणि जवळून काढलेली क्रमांकाची छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकली, की आपल्या हाती काय आले आणि किती शाबूत आले, हे ज्याचे क्षेपणास्त्र त्यालाच घरबसल्या कळते.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जिल्हा प्रशासनाने नागरी संरक्षणाच्या सरावात भोंग्याबरोबर हेही शिकवावे: आकाशातून पडलेली अनोळखी वस्तू दिसली तर लांब राहावे, इतरांना लांब ठेवावे, 112 वर कळवावे आणि तज्ज्ञ येईपर्यंत काहीही हलवू नये. ज्या संस्था, शाळा आणि मंडळे यांच्या आवारात हस्तगत रणगाडे वा तोफा आहेत, त्यांनी पुढचा रंग लावण्याआधी एकदा थांबावे. जुना रंग त्या अक्षरांपुरता हलक्या हाताने उतरवावा, क्रमांकाचा ठसा कागदावर घ्यावा, छायाचित्र काढावे आणि मगच कुंचला लावावा. पाटीवर तो क्रमांक, बनावटीचा देश, शस्त्र कुठे सापडले आणि ते तपासून काय कळले असेल तेही मराठीत यावे. पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्याची तोफ 90 मिलिमीटरची होती, आणि सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातील असल उत्तर गावाच्या पाणी सोडलेल्या शेतांत असे रणगाडे रुतून आपल्या तोफांच्या माऱ्यात सापडले, एवढे वाचले तरी मूल त्या लोखंडाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

नाशिककरांना ही नजर नवी नाही. पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची घंटा आपण लहानपणापासून पाहतो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. पोर्तुगीजांच्या या घंटेवर 1721 हे साल आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ते घासून टाकले नाही. त्यामुळेच ती वसई पडण्याच्या अठरा वर्षे आधी ओतली गेली, हे आज पायऱ्यांवर उभे राहून कोणालाही सांगता येते.

मी उल्लेख केलेल्या त्या संस्थेला मी पत्र दिले आहे. परवानगी मिळाली तर माझे तीन निवृत्त सहकारी आणि मी, एका रविवारी सकाळी पातळ कागद आणि मेणखडू घेऊन तेथे जाऊ आणि बुरुजावरील अक्षरांचा ठसा विनामूल्य काढून देऊ. जिल्ह्यात इतरत्र अशी शस्त्रे असतील तर तेथील व्यवस्थापकांनीही आपल्या दैनिकामार्फत कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान-तपासणीस
सिडको, नाशिक