लिनक्सवरील बैठकीत चित्र बिघडते, तेव्हा आधी दोष शोधावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिनक्स या मुक्त प्रणालीच्या संगणकावर जित्सी मीट किंवा बिगब्लूबटन यांसारख्या व्हिडिओ बैठकीच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून ऑनलाइन तासिका घेणाऱ्या काही शाळांत मी संगणक देखभालीचे काम करतो. तेथे एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते : शिक्षकांचा चेहरा आडवा ताणलेला दिसतो, फळ्यावरची वरची ओळ कापली जाते, नाहीतर पडद्यावरची अक्षरे पुसट येतात. मग ‘लिनक्सवर हे चालायचेच नाही’ असे ठरते आणि परवान्याचे पैसे मोजून दुसरे सॉफ्टवेअर आणले जाते. दोष कुठे आहे हे न पाहताच हा निर्णय होतो, याचे फार वाईट वाटते.

कॅमेऱ्यातून निघालेले चित्र समोरच्याच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत त्याचा आकार अनेक ठिकाणी बदलू शकतो : कॅमेरा व त्याचा ड्रायव्हर (म्हणजे तो संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम), ब्राउझर, सर्व्हर आणि शेवटी पाहणाऱ्याचा डेस्कटॉप. म्हणून पहिली तपासणी बैठकीच्या बाहेर करावी. कोऱ्या कागदावर वाटी पालथी घालून वर्तुळ काढावे, कागद कॅमेऱ्यासमोर सरळ धरावा आणि ‘चीज’सारख्या साध्या कॅमेरा प्रोग्रॅममध्ये पाहावे. वर्तुळ तेथेच लंबगोल दिसले, तर बैठकीच्या सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही. तेथे गोल आणि बैठकीत आडवे दिसत असेल, तर ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ च्या चौकटीत ताणले जात आहे, आणि हा खरोखरच कळवण्याजोगा दोष आहे. वर्तुळ गोलच राहून त्याची वरची-खालची कड गेली असेल, तर चित्र ताणलेले नसून कापलेले आहे. ६४० × ४८० चे चित्र रुंद चौकट भरण्यासाठी वापरले की वरच्या ६० आणि खालच्या ६० ओळी जातात. फळ्यावरची तारीख आणि धड्याचे नाव नेमके तेथेच लिहिलेले असते.

पुसटपणाचे मूळ पुष्कळदा यूएसबीच्या तारेत सापडते. १२८० × ७२० चे न दाबलेले (अनकॉम्प्रेस्ड) चित्र सेकंदाला ३० चौकटींनी (फ्रेमनी) पाठवायचे, तर दर पिक्सेलला २ बाइट धरून सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट माहिती वाहावी लागते. यूएसबी २.० वर अशा अखंड प्रवाहाला मिळणारी कमाल मर्यादा सेकंदाला साधारण २४ मेगाबाइट आहे. त्यामुळे कॅमेरा या आकारात सेकंदाला १० च्या आसपास चौकटी देतो, किंवा सॉफ्टवेअर मुकाट्याने ६४० × ४८० वर उतरते आणि तेच चित्र मोठे करून दाखवते. कॅमेरा एमजेपेग हे दाबलेल्या चित्रांचे स्वरूप देत असेल, तर ही अडचण सुटते. कोणते स्वरूप, कोणता आकार आणि किती चौकटी मिळतात, याची पूर्ण यादी ‘व्हीफोरएलटू-सीटीएल’ (v4l2-ctl) ही आज्ञा क्षणात देते. कॅमेरे खरेदी करताना निविदेत एमजेपेगची अट घालायला एक ओळ पुरते.

पडदा दाखवताना येणारे दोष वेगळे असतात. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या लिनक्सच्या नव्या पद्धतीवर डेस्कटॉपचे प्रमाण (स्केल) १२५ टक्के ठेवले आणि ब्राउझर आधीच्या एक्स पद्धतीनेच चालत असला, तर अक्षरे आधी लहान काढून मग फुगवली जाऊ शकतात आणि साहजिकच ती धूसर दिसतात. ब्राउझर थेट वेलँडवर चालवला की फरक लगेच जाणवतो. आणखी एक दोष १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर दिसू शकतो : चित्र तिरके होऊन फाटल्यासारखे दिसते. दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर या पडद्याची एक ओळ ५४६४ बाइटची होते. ड्रायव्हर ती ६४ च्या पटीत आणण्यासाठी ५५०४ बाइटची ठेवतो आणि प्रोग्रॅमने ही भर लक्षात घेतली नाही, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल सरकते. दिसायला भयंकर असला, तरी हा दोष नीट कळवला तर दुरुस्त करायला अवघड नाही.

सर्व्हरचाही वाटा असतोच. जित्सीमध्ये एकाच कॅमेऱ्याचे चित्र १८०, ३६० आणि ७२० ओळींच्या प्रतींत पाठवले जाऊ शकते आणि जोडणी मंद असेल, तर सर्व्हर लहान प्रत पुढे देतो. पाठवणाऱ्याच्या क्रोमियम ब्राउझरमधील ‘वेबआरटीसी-इंटर्नल्स’ (webrtc-internals) या पानावर चौकटीचा खरा आकार आणि तो प्रोसेसरमुळे घटला की बँडविड्थमुळे (म्हणजे जोडणीच्या क्षमतेमुळे), हे दोन्ही दिसते. तेथे बँडविड्थ हे कारण दिसले, तर लिनक्स बदलून काही साधणार नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. केरळमध्ये ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांना स्वतःची लिनक्स प्रणाली देते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. आपल्या राज्यातही संगणक शिक्षकांच्या प्रशिक्षणात या तपासण्यांसाठी निदान एक तासिका ठेवावी, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. दोष कळवताना लिनक्सची आवृत्ती, वेलँड की एक्स, पडद्याचे प्रमाण, कॅमेऱ्याचे स्वरूप आणि वर्तुळाचे छायाचित्र एवढे दिले, तर परदेशात बसलेल्या विकसकालाही तो दोष आपल्या संगणकावर घडवून पाहता येतो. ही माहिती मराठीतून घेऊन इंग्रजीत लिहून पाठवण्याचे काम तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाने स्वीकारले, तर इंग्रजीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारीही योग्य जागी पोहोचतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. सातारा