आई, तुझ्यासाठी कट्टे मोजून आले

म्युनिक, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी "फ्लॉरेन्स छान झालं" एवढंच सांगू शकले. आई, तू लगेच जेवलीस का म्हणून विचारलंस, आणि बाबा, तुम्ही "जपून राहा" म्हणून फोन ठेवलात. पण मला खूप सांगायचं आहे, म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलं आहे. बाबा, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला ताण न देता थोडं थोडं वाचा.

मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही दोघांनी इकडे यायचं आणि आपण तिघांनी इटलीत फ्लॉरेन्सला जायचं. आई, दर वेळी तू गुडघे पुढे करतेस. "तिथं म्हणे सगळं चालतच बघायला लागतं." खरं आहे. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे, फरसबंदी मोठमोठ्या दगडांची आहे आणि जागोजागी झिजलेली आहे. म्हणूनच या वेळी गाईडबरोबरची पायी फेरी मी तुझे गुडघे घेऊन केली. किती चालायचं, कुठे चढ, कुठे बसायला मिळतं, सगळं फोनमध्ये टिपत गेले.

सकाळी साडेनऊला मेदिची घराण्याच्या जुन्या वाड्यापाशी आम्ही चौदा जण जमलो. गाईडबाई साठीच्या असतील, हातात मिटलेली पिवळी छत्री. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटं यंत्र आणि कानात इअरफोन. त्या हळू आवाजात बोलतात आणि पार मागे राहिलेल्यालाही स्वच्छ ऐकू येतं. तेव्हा आई, तू मागे पडलीस तरी तुझं काही चुकणार नाही.

आणि पहिल्याच वाड्याला मला तुझ्यासाठी हवं होतं ते सापडलं. कट्टा! भिंतीच्या पायाला लागून दगडी कट्टा काढलेला आहे. हा वाडा १४४४ मध्ये बांधायला घेतला. मेदिची म्हणजे सावकार, पेढीवाले. त्यांच्याकडे कामाला आलेली, अडलीनडलेली माणसं या कट्ट्यावर आपली पाळी येईपर्यंत बसायची, आणि नुसता दमलेला वाटसरूही बसायचा. आजही बसतात. मी बसले तेव्हा शेजारी एक आजी भाजीची पिशवी पायाशी ठेवून दम खात होत्या. पुढे स्ट्रोझी घराण्याच्या वाड्यालाही असाच लांबलचक कट्टा आहे. एवढ्या श्रीमंतांनी भिंत बांधतानाच परक्या माणसाच्या टेकण्याची सोय करून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटलं. फेरी अडीच तासांची, आणि धड बसता येईल अशा पाच जागा मला मिळाल्या.

आता बाबा, हे तुमच्यासाठी.

तिथल्या मोठ्या चर्चचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. सव्वाशे वर्षांनी भिंती उभ्या होत्या, पण मधोमध आभाळ उघडं होतं. आठ कोनांचं भगदाड, साधारण ४५ मीटर रुंद आणि तेही जमिनीपासून पन्नासेक मीटरवर. त्यावर घुमट चढवायचा कसा, कुणाला ठाऊक नव्हतं. कमान बांधायची तर खालून लाकडी सेंटरिंग हवं. एवढं लाकूड आणायचं कुठून आणि एवढ्या उंचीवर ते पेलायचं कशानं? १४१८ मध्ये त्यांनी स्पर्धा जाहीर केली. ब्रुनेलेस्की नावाचा माणूस पुढे आला, मूळचा सोनार. म्हणाला, सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० मध्ये काम सुरू केलं आणि १४३६ मध्ये घुमट मिटवला. चाळीस लाखांवर विटा. विटांनी बांधलेला याहून मोठा घुमट आजवर झालेला नाही.

गाईडबाई हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर राजारामपुरीतलं तुमचं काम आलं. शनिवारी शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन साईटवर यायची आणि तुम्ही मला विटा भिजवायला बसवायचात. पिंपात वीट सोडली की बुडबुडे यायचे, ते थांबेपर्यंत वीट बाहेर काढायची नाही. तुम्ही म्हणायचात, "तहानलेली वीट मालातलं पाणी पिते, मग सांधा धरत नाही." आणि दुसरं, "सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही." ते मला तेव्हा खेळातल्या नियमासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी घुमटावर चढले. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. (आई, हे तू करायचं नाहीस. बाबा, तुम्हीही नाही, मी फोटो काढून आणले आहेत.) घुमट एकेरी नाही. आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं आहेत, आणि जिना त्यांच्या मधल्या पोकळीतून जातो. तिथे गिलावा नाही, वीट उघडी दिसते. आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतरावर एक वीट उभी घातलेली. वरच्या थरात ती उभी वीट थोडी बाजूला सरकते. त्याच्या वरच्या थरात आणखी थोडी. अशी उभ्या विटांची ओळ तिरकी वर चढत जाते, माशाच्या काट्यासारखी. बाबा, थर आत कलायला लागला की ओल्या चुन्यावरून वीट घसरणार ना? पण दोन उभ्या विटांच्या मध्ये आडव्या विटा अडकून बसतात आणि चुना धरेपर्यंत जागा सोडत नाहीत. एक फेरा पुरा झाला की तो स्वतःच स्वतःला सावरतो, मग पुढचा थर. त्या गवंड्यांनी अशी सोळा वर्षं काढली, खाली खोल पोकळी आणि पायाखाली परांची.

मी त्या विटांवर हात ठेवून उभी राहिले. मागची माणसं खोळंबली, मला हलवेना. सांधा कुठेही सांध्यावर आलेला नव्हता.

अजून एक तुम्हाला आवडेल असं. माल वर चढवायला त्यानं बैलांचा रहाट केला होता. आजोबांच्या मळ्यातली मोट तुम्ही सांगता तशी, बैल पुढे गेला की मोट वर, आणि मग त्याला मागे मागे आणायचं. ब्रुनेलेस्कीनं दातेरी चाकं अशी बसवली की बैल एकाच दिशेनं फिरत राहायचे आणि नुसतं चाक बदलून ओझं वर किंवा खाली जायचं. बैल सोडून उलटा जुंपायला नको. चर्चच्या बाजूला त्याचा बसलेला पुतळा आहे, मान वर करून घुमटाकडे बघणारा. स्लॅब टाकून झाल्यावर तुम्ही रस्त्यापलीकडे जाऊन वर बघत बसायचात, अगदी तस्सा.

पुढचं थोडक्यात सांगते. सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची नक्कल उभी आहे, मूळ मूर्ती १८७३ मध्ये तिथून आत संग्रहालयात नेली. तिथे फार गर्दी होती, मला चौकापेक्षा बाजूच्या कमानींखालची सावली जास्त आवडली. बसायची तिसरी जागा ती. नंतर पोन्ते वेक्क्यो, म्हणजे जुना पूल, १३४५ चा. त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. आधी खाटकांची होती. त्यांच्या वासानं आणि घाणीनं कावून तिथल्या राज्यकर्त्यानं १५९३ मध्ये त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. तेव्हापासून तिथे सोनंच. आई, आपली गुजरी नदीवर नेऊन ठेवली आहे असं समज.

नदीवरून आठवलं. सांता क्रोचेकडे जाताना एका गल्लीच्या कोपऱ्यावर गाईडबाईंनी आम्हाला थांबवलं आणि भिंतीकडे छत्री केली. दगडात कोरलेला एक हात, बोट पाण्याच्या रेषेवर. ४ नोव्हेंबर १३३३ च्या पुराचं पाणी इथवर आलं होतं. त्याच्याही वर दुसरी पाटी, ४ नोव्हेंबर १९६६. तारीख तीच! मी हात उंच केला तरी त्या रेषेला लागला नाही. त्या पुरानं घुमटवाल्या मोठ्या चर्चसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दरवाज्याचे दहातले पाच पत्रे उखडून काढले. ते घडवायला गिबर्ती नावाच्या कारागिराची सत्तावीस वर्षं गेली होती. ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. मग ठिकठिकाणची तरुण मुलं आपणहून आली, रांगेत उभी राहिली आणि हातोहात एकेक पुस्तक बाहेर काढत गेली. तिथले लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात.

गाईडबाईंचा आवाज तिथे बदलला. त्या तेव्हा अगदी लहान होत्या, आईच्या कडेवर. मी त्यांना आपल्याकडच्या २०१९ च्या पुराचं सांगितलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की सगळं कोल्हापूर कसं जागं राहतं, आणि पाणी ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख कशी लिहिली. त्यांनी विचारलं, "ती रेघ आहे अजून?" मी म्हटलं, रंग देताना बाबा तेवढी जागा सोडतात. त्यांनी माझा हात हातात घेतला. बाबा, ती रेघ कधीच पुसू नका.

फेरी सांता क्रोचेच्या चौकात संपली. तिथे दगडी बाकं आहेत. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, दोघांच्या समाध्या त्या चर्चमध्ये आहेत. पण मला एका वेगळ्याच समाधीला जायचं होतं. गाईडबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिंदियानो? आमच्यासाठी ते पुलाचं नाव. तो माणूस तुमच्या गावचा?"

हो, आपल्या गावचा. आपले छत्रपती राजाराम महाराज, राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. वय अवघं वीस. आई, वीस वर्षांचं पोर. घरी वाड्यावर बातमी पोचायला किती दिवस लागले असतील! त्या गावात कुणी उघड्यावर दहन पाहिलेलं नव्हतं. तरी परवानगी मिळाली, आणि बरोबरच्या मंडळींनी आपल्या रीतीप्रमाणे संगम शोधला. तिथल्या आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, तिथे महाराजांना अग्नी दिला.

मी ट्रॅमनं काशिने बागेपर्यंत गेले आणि तिथून नदीकडेनं बागेच्या पार टोकाला. झाडी संपते तिथे एकदम छत्री दिसते. आपली छत्री, खांबांची, नक्षीची, पंचगंगेच्या घाटावर शोभावी अशी. खाली महाराजांचा अर्धपुतळा, रंगीत, पगडी आणि दागिन्यांसकट. १८७४ मध्ये उभारलेली. चौथऱ्यावरच्या लेखांत देवनागरी दिसली आणि माझा घसा भरून आला. या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. बाबा, तेच मँट, ज्यांनी आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा आखला. लहानपणी टाऊन हॉलच्या बागेत तुम्ही मला ज्या कमानी दाखवायचात, त्या आखणाऱ्या हाताचं काम मी आर्नोच्या काठावर बघत होते.

बूट काढले आणि उभी राहिले. पलीकडे लोखंडी दोरांनी तोललेला मोठा पूल आहे, त्यावरून गाड्या धावत असतात. त्याचं नाव पोन्ते अल्लिंदियानो, भारतीयाचा पूल. मी पंचगंगेची आठवण काढली, तुमच्या दोघांची काढली, आणि तिथेच ठरवलं की तुम्हाला आणायचं. फोटोवर भागणार नाही. आई, तिथवर चालायचं नाही, टॅक्सीनं जाऊ. तू अंबाबाईचं कुंकू तेवढं बरोबर घे.

बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते दादाला बघायला सांगा. व्हिसाला वेळ लागतो, मी कागद करायला घेतले आहेत. आणि आई, तिथल्या दगडांवर चपला चालणार नाहीत. दिवाळीला येताना मऊ तळाचे बूट घेऊन येते. वहीच्या कागदावर दोन्ही पाय ठेव, बाबांना पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढू दे, आणि त्याचा फोटो मला आजच पाठव.

तुमची,
ताई