नाकातली पट्टी निघाली, पुढे काय?

संपादक महोदय,

सुटी बघून नाकाचा वाकडा पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन अनेक जण एप्रिल-मेमध्ये करून घेतात. नेमका तेव्हाच जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. एक-दोन दिवसांत पट्टी निघाली की घरच्यांना हायसं वाटतं; पण खरं जपायचं असतं ते पुढचे दोन-तीन आठवडे.

कोरड्या उष्ण हवेत आतली ओली जखम लवकर वाळते, खपली घट्ट धरते. नाक चोंदतं, नकळत बोट जातं, खपली ओढली जाते आणि पाचव्या ते दहाव्या दिवसात रक्ताची धार लागते. अशा वेळी आपल्याकडे रुग्णाला आडवं करून कांदा हुंगवतात. त्याने रक्त घशात उतरतं, उलटी होते. रुग्णाला पुढे झुकवून बसवावं, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरावा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं सोडू नये. मध्येच सोडून बघितलं की धरलेली गाठ निघते. तरीही थांबलं नाही तर थेट दवाखाना.

खपली मऊ ठेवायला नाक धुणं हाच उपाय. डॉक्टरांनी सांगितलं की सुरू करावं: पाव लिटर पाणी, त्यात अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. मेडिकलमध्ये तयार पुड्याही मिळतात. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या पाण्यातला एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून मात्र मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

मे म्हणजे घरोघरी तिखट कुटायचे दिवस. त्या ठसक्यापासून रुग्णाला लांब ठेवा. शिंक आलीच तर तोंड उघडून येऊ द्यावी, दाबू नये. दोन आठवडे नाक शिंकरणं, पाण्याची घागर उचलणं बंद. तपकीर आणि बिडीही. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन नको, पण हृदयासाठी ती चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

दोन्ही नाकपुड्या एकदम बंद होऊन ठणका वाढला, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. पडद्यात रक्त साकळलं असेल तर दोन-तीन दिवसांत त्यातली कूर्चा (मऊ हाड) मरते आणि नाक मधोमध बसतं. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं गळत असेल तरीही सकाळची वाट न बघता थेट दवाखाना.

रुग्णाला घरी सोडताना दवाखान्यांनी एवढं मराठीत, मोठ्या अक्षरात छापून हातात द्यावं, खाली रात्री उचलला जाईल असा फोन नंबर टाकून.

आपली,
कान-नाक-घसा विभागातील एक परिचारिका, भुसावळ