काका, आभार त्या रात्रीचे नाहीत, आधीच्या कटकटीचे आहेत

प्रिय काका,

फोनवर मेसेज टाकला असता तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे झाला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल. वणवा टेकडी उतरून आला त्या रात्री तुम्ही दारं ठोठावत फिरलात, त्याबद्दल अख्ख्या वस्तीने तुमचे आभार मानून झालेत आणि ते मानायलाच हवे होते. पण मला आभार मानायचेत ते त्याच्या आधीचे, उन्हाळा सुरू झाल्यापासून तुम्ही रोज जी कटकट करायचात ना, तिचे. कटकट हा शब्द तुमचाच, मी फक्त वापरतेय.

समुद्राकाठी राहणाऱ्याला आगीची भीती वाटतच नाही हो, समोर एवढं पाणी दिसतंय म्हटल्यावर. सुट्टीला येणारे पाहुणे तर हमखास बोलतात, तुम्हाला काय काळजी, लागली आग तर मारायची उडी. कोणी असं बोललं की तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून ग्रीसमधल्या माटीचं सांगायला बसायचात. जुलै २०१८, अथेन्सजवळचं किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव, वारा जमिनीकडून समुद्राकडे, आणि आग इतक्या वेगाने आली की लोक पाण्याकडे पळाले पण कितीतरी जण मधल्या कड्यांमुळे नि कुंपणांमुळे पाण्यापर्यंत पोचलेच नाहीत. १०४ माणसं गेली. मग हवाईतलं लाहायना, ८ ऑगस्ट २०२३, तिथेही वारा डोंगरावरून खाली समुद्राकडेच, धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत, लोकांनी खरंच समुद्रात उड्या मारल्या आणि तासन्‌तास धुरात, लाटांत लटकून राहिले. ऑस्ट्रेलियातल्या मॅलाकूटाचं सांगताना तुमचा आवाज जरा बरा असायचा. २०१९ चा शेवटचा दिवस, सकाळचं आकाश काळं नि मग लाल, हजारो लोक किनाऱ्यावर नि धक्क्यावर गोळा झालेले, ऐनवेळी वारा फिरला म्हणून निभावलं, आणि मग रस्ते बंद म्हणून नौदलाच्या जहाजाने हजारावर लोकांना बाहेर काढलं. समुद्र हा सगळ्यात शेवटचा उपाय, हे तुमचं म्हणणं माझ्या मुलीला पाढ्यांसारखं पाठ झालंय.

वारा बघायला तर आम्हाला तुम्हीच शिकवलंत. दिवसा समुद्रावरून येणारा वारा दमट, तोवर ठीक. पण आतल्या डोंगराकडून कोरडा वारा सुटला की तो उतरता उतरता आणखी तापतो, आणखी कोरडा होतो, आणि नेमका त्याच दिवशी पाणी अगदी सपाट, निळंशार, पोहायला एकदम मस्त. म्हणजे सुट्टीचा सगळ्यात भारी दिवस तोच आगीचा सगळ्यात वाईट दिवस. हे मला कोणी पुस्तकातून सांगितलं असतं तर कळलं असतं का कोण जाणे, पण तुम्ही कुंपणाला ती केशरी पट्टी बांधलीत आणि पोरांना सांगितलंत की पट्टी समुद्राकडे उडत असेल तर पोहायला जायच्या आधी मला येऊन सांगायचं. आता पोरं टॉवेल खांद्यावर टाकून आधी पट्टी बघतात, मग लाटा बघतात. त्यात घाबरणं नाही काही, दात घासण्याइतकं सवयीचं झालंय, आणि मला वाटतं तुमचं खरं काम हेच. नाहीतर दोनच प्रकारची माणसं असतात, एक ज्यांना काही होणारच नाही वाटतं आणि दुसरी जी जूनपासूनच झोपत नाहीत. तुम्ही आम्हाला दोन्ही होऊ दिलं नाहीत.

आणि ती भिंतीलगतची दीड मीटर जागा! अरे देवा. तुम्ही टेप घेऊन आलात ते मला अजून आठवतंय, भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळेल असं काही नको, पायपुसणं नको, लाकडाचा भुसा नको, झाडू नको, सरपणाची थप्पी तर अजिबात नको, तिथे फक्त खडी नाहीतर फरशी. त्याच्या पुढे तीसेक मीटरपर्यंत झाडं विरळ, खालच्या फांद्या छाटलेल्या, वाळलेलं गवत काढलेलं. घर जळतं ते बहुतेकदा ज्वाळांनी नाही तर निखाऱ्यांनी, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच नव्हतं. वाऱ्याबरोबर ठिणग्या किलोमीटरच्या किलोमीटर पुढे येऊन पडतात, छपराच्या पन्हाळीतल्या सुक्या पाल्यात, नाहीतर माळ्याच्या जाळीतून आत, आणि ज्वाळा अजून टेकडीपलीकडे असताना इकडे घर आतून पेटलेलं असतं. म्हणून ती धातूची बारीक जाळी, तीन मिलिमीटरच्या भोकांची, तुम्ही स्वतः किती घरांना बसवून दिलीत त्याचा हिशोब तुम्हीच ठेवला नाहीत. खिडकीवरची वेल काढताना मात्र मला वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं, हे खरं सांगते. ती बाजू आता बोडकी दिसते.

तुमच्या बाकीच्या सूचनांची यादी करायला बसले तर रात्र होईल. गवत सकाळीच कापायचं, दुपारी नाही, कारण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. होडीचा ट्रेलर ओढताना साखळी रस्त्यावर घासत नाही ना बघायचं. गरम गाडी सुक्या गवतावर उभी करायची नाही. किनाऱ्यावर शेकोटी केली तर कोळसे वाळूत पुरायचे नाहीत, वरून गार दिसतात पण आत तासन्‌तास धगधगत राहतात, पाय भाजतो कोणाचा तरी, त्यावर पाणी ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं. पाहुण्यांना हे सांगायला जाताना तुम्ही हातात रिकामी बादलीच घेऊन जायचात, ते मला फार आवडायचं, बोलायची गरजच पडायची नाही. वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात, पण तुम्ही कोणावर खेकसलात असं मी तरी बघितलं नाही.

धुराचे दिवस हा आणखी वेगळाच प्रकार. आग कुठेतरी लांब, आपल्याला काही धोका नाही, पण सूर्य तांब्याच्या रंगाचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, नि घसा खवखवतोय. पोरं घरात कोंडलेली, खिडक्या बंद, उकडून जीव नकोसा. तेव्हा तुम्ही पंख्याला हवा गाळणारा चौकोनी फिल्टर चिकटटेपने लावून ते ओबडधोबड यंत्र बनवून दिलंत, आधी दम्यावाल्या घरात, मग बाळ असलेल्या घरात, मग आमच्याकडे. आणि कापडी मास्क धुरातल्या त्या बारीक कणांना काही अडवत नाही, एन-९५ च लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला, हे सांगताना तुम्ही स्वतःची दाढी काढून आलात. काकूंनी त्यावर काय कमेंट केली ती इथे लिहीत नाही.

आता ती रात्र. खरं सांगू का, लिहिण्यासारखं फार नाहीच, आणि श्रेय तुमच्या कटकटीलाच आहे. गाडी नेहमीसारखी तोंड बाहेर करून लावलेली होती, टाकी अर्ध्याच्या वर होती. वीज गेली तेव्हा गॅरेजचा दरवाजा हाताने कसा उघडायचा ते माहीत होतं. पिशवीत कागदपत्रं, औषधं, चष्मा, चार्जर, सुती कपडे, नि पायात चपला नाहीत, बूट. खिडक्या बंद केल्या, दिवे चालू ठेवले म्हणजे वीज आली तर धुरात घर दिसेल, बागेचा नळ सोडून गेलो नाही कारण सगळ्यांनी सोडले की बंबवाल्यांच्या पाण्याचा दाब पडतो. आणि घरं सोडायचा हुकूम यायची वाट न बघता, नुसता इशारा आला तेव्हाच निघालो, कारण आपल्याकडे बाहेर पडायला रस्ता एकच. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाकडे गाडी नाही, कोणाला व्हीलचेअर लागते, ती यादी तुमच्या खिशात होती, आणि कोणाच्या गाडीत कोण बसणार हे मे महिन्यातच ठरलेलं. म्हणून तुम्ही दार ठोठावलंत तेव्हा समजावत बसावं लागलं नाही. एक टकटक, आम्ही बाहेर, तुम्ही पुढच्या दाराला.

आमचं घर राहिलं. वरच्या बाजूची काही गेली, आणि त्यातल्या निदान दोघांनी तुम्ही सांगितलेलं सगळं केलं होतं, जाळी पण, दीड मीटर पण. तयारी केली म्हणजे घर वाचतंच असं नाही, हे तुम्ही आधीपासून सांगत होतात, तरी त्या दोघांसमोर तुम्ही मान खाली घालून उभे होतात ते मी बघितलं. ते करू नका हो काका. ती दोन्ही कुटुंबं सगळ्यांच्या आधी बाहेर पडली होती, आजी-आजोबा नि कुत्र्यासकट, आणि ती ज्या यादीमुळे पडली ती तुमचीच होती. नवीन घराचा नकाशा काढताना पहिल्यांदा तुम्हालाच बोलावलं त्यांनी, यावरून काय ते समजा.

या उन्हाळ्याचं म्हणाल तर गवत पिवळं पडायला लागलंय, पोरांच्या शाळा संपत आल्यात, पाहुण्यांचे फोन सुरू झालेत. रविवारी सकाळी लवकर मी नि मुलगी तुमच्या छपराची पन्हाळ साफ करायला येतोय, पाइनच्या काड्या तुडुंब भरल्यात हे रस्त्यावरूनही दिसतंय. शिडी तुमचीच लागेल. तुम्ही खाली उभं राहून ती धरायची, वर चढायचं नाही, काकूंशी माझं बोलणं झालंय.

तुमची,
पलीकडच्या घरातली