आई-बाबांना पत्र: केसरी कोण, हे ठरतं कसं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे प्रश्न दोन: कुस्तीतला २०२३ चा खरा महाराष्ट्र केसरी कोण, आणि गुण सारखे दिसत असताना एक जिंकला कसा. आईचा एकच: विजेत्याला मिळणारी गदा खरोखर चांदीची असते का? फोनवर अर्धवट राहिलं म्हणून लिहिते.

आधी आईचं. गदा अख्खी चांदीची नसते. आत लाकूड, वरून चांदीचा नक्षीदार पत्रा. गोळ्याच्या एका अंगाला मारुती असतो, दुसऱ्या अंगाला मामासाहेब मोहोळ. कुस्तीगीर परिषद उभी करणारे ते हेच, आणि गदा मोहोळ घराण्याकडून त्यांच्या स्मरणार्थ दिली जाते. वजन दहा-बारा किलो. कुस्ती संपवून धापा टाकणाऱ्या माणसाने ती खांद्यावर पेलायची, तीही दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून. फोटोत तिचा तोल गेलेला दिसतो तो त्यामुळे.

आता किताब. परिषद १९५३ ची, केसरी १९६१ पासून. पहिला मान औरंगाबादला दिनकर दह्यारींचा, दुसऱ्या वर्षी धुळ्यात भगवान मोरे. तिसऱ्या वर्षी, १९६३ ला साताऱ्यात, किताब कुणालाच मिळाला नाही. कुस्ती अनिर्णित सुटली. १९७७ ला चाळीसगावातही तेच. आजच्या नियमांत अंतिम कुस्ती बरोबरीत सुटूच शकत नाही, आणि बाबा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे आहे.

त्याआधी यादीतली एक गंमत. दोनदा केसरी झालेले जुने मल्ल पाहा: गणपत खेडकर १९६४ आणि ६५, चंबा मुतनाळ ६७ आणि ६८, दादू चौगुले ७० आणि ७१, लक्ष्मण वडार ७२ आणि ७३. अलीकडे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८. सगळे लागोपाठ. नरसिंग यादव (२०११ ते १३) आणि विजय चौधरी (२०१४ ते १६) यांनी तर ओळीने तीन-तीन गदा नेल्या. एकदा गदा सुटली की मल्ल सहसा परत तिच्या वाटेला जात नाही, असं माझं मत. केसरीच्या नावावर मैदानांत मोठ्या कुस्त्या लागतात, आणि नवख्याकडून हरलं तर ते नावच पणाला लागतं. दादूंनी १९७४ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं, पुढे २००० साली त्यांचा मुलगा विनोद केसरी झाला. त्यानंतर कोल्हापूरला थेट २०२२ पर्यंत थांबावं लागलं.

आता रचना. टीव्हीवाले ही सांगत नाहीत, आणि ती कळली नाही तर पुढचं काहीच कळत नाही. जिल्ह्या-शहरांचे संघ येतात. ५७ किलोपासून ९७ किलोपर्यंत नऊ वजनगट, आणि दहावा केसरी गट: ८६ ते १२५ किलो. हे सगळं दोनदा चालतं, एकदा मातीवर (आखाड्याच्या हौदात), एकदा गादीवर (मॅटवर). केसरी गटात मातीचा विजेता आणि गादीचा विजेता एकमेकांसमोर येतात आणि गदा त्या एका कुस्तीवर ठरते. ती कुस्ती होते गादीवर.

म्हणजे मातीतून आलेल्याला शेवटची परीक्षा परक्या जमिनीवर द्यायची. हौदात तो अनवाणी असतो, पाय मातीत रुततो, एकदा पकड बसली की समोरच्याला दमवायला वेळ मिळतो. गादीवर बूट घालावे लागतात. पाय रुतत नाही, उलट चिकटतो, आणि मातीच्या सवयीने पाय घासत वळायला गेलं की गुडघ्यावर पीळ येतो. माती घाम शोषते, तिथे पकड टिकते. गादीवर ओल्या मनगटावरून हात निसटतो. मातीवरची सलामीनंतरची ती लांबलचक खडाखडी आठवा, बाबा, एकमेकांचा अंदाज घेत फिरणं. गादीवर त्यालाच निष्क्रियता म्हणतात आणि त्याचा दंड बसतो.

निकालही तेच सांगतात. २०१७ ला अभिजित कटके, जानेवारी २०२० ला हर्षवर्धन सदगीर, २०२२ ला पृथ्वीराज पाटील, जानेवारी २०२३ ला शिवराज राक्षे, २०२५ ला पृथ्वीराज मोहोळ: सगळे गादीतून आलेले. मातीवाल्यांत २०१८ चा बाला रफिक शेख, ज्याने कटकेला ११-३ असं धुतलं, आणि नोव्हेंबर २०२३ चा सिकंदर शेख. माझ्या मते या दोघांचं यश म्हणून जास्त मोलाचं. अंतिम कुस्ती एक वर्ष मातीवर, एक वर्ष गादीवर घेतली तर जास्त न्याय होईल, पण हे माझं.

गुणांचं आता सावकाश सांगते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. समोरच्याला वर्तुळाबाहेर काढलं तर १. खाली आणून पाठीमागून ताबा घेतला तर २. खाली असलेल्याची पाठ गादीकडे फिरवली, भारंदाज हा डाव मारून वगैरे, तर २. उभ्यातून उचलून थेट पाठीच्या बाजूवर टाकला तर ४, आणि फेक फार मोठी असेल तर ५. दोन्ही खांदे टेकले की चितपट, मग गुण कितीही असोत. फरक १० चा झाला की कुस्ती तिथेच थांबते.

निष्क्रियतेची पायरी बघून ठेवा. आधी ताकीद. पुन्हा तेच केलं की तीस सेकंदांचं घड्याळ लावतात; तेवढ्यात त्या मल्लाने गुण नाही घेतला तर समोरच्याला फुकट १. बरोबरीच्या जोडीत पहिला गुण बरेचदा असाच येतो, आणि आपल्याला वाटतं, काहीच झालं नाही तर फलक हलला कसा?

गुण सारखे राहिले तर तीन चाळण्या लागतात. मोठ्या मोलाचा डाव कुणाचा: १-१-१ असे तीन गुण घेणाऱ्यापेक्षा २-१ असे तीन घेणारा वर. तिथेही सारखे असतील तर ज्याला ताकिदी कमी तो. तरीही सुटलं नाही तर शेवटचा गुण ज्याने घेतला तो. म्हणून १-१ वर शेवटचा गुण घेतलेला मल्ल नुसता सावध राहून वेळ काढतो आणि दुसरा जिवाच्या आकांताने पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, घुसतो. फलकावर बरोबरी दिसते, प्रत्यक्षात एक जण पुढे असतो. १९६३ मध्ये साताऱ्यात या चाळण्या असत्या तर त्या वर्षाची जागा रिकामी राहिली नसती.

भांडणं होतात ती बहुतेक २ की ४ यावर. जानेवारी २०२३ ला मातीच्या विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला (पायाने पाय अडकवून पाडायचा डाव) चार गुण दिले गेले आणि राज्यभर वाद पेटला. मुद्दा एवढाच असतो: टांग लागल्यावर खालचा मल्ल पाठीच्या बाजूने पडला की कुशीवर पडून पालथा वळला? पाठ जमिनीकडे आली तर चार, नुसता ताबा मिळाला तर दोन. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत घडतं, आणि तीन बाजूंनी पाहिलं तर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. गादीवर प्रशिक्षक दाद मागू शकतो, मग चित्रफीत पाहतात. दाद फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण जातो. टीव्हीवर एकाच कोनातून पाहून पंचांना शिव्या घालायची घाई करू नका, बाबा.

आणि तो २०२३ चा घोळ. त्या वर्षी तीन गदा दिल्या गेल्या. जानेवारीत कोथरूडला राक्षेने महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. तोवर संघटनेत दोन तट पडले होते, म्हणून नोव्हेंबरात दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं, आणि थोड्याच दिवसांत धाराशिवला राक्षेने सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. म्हणजे एकाच महिन्यात राक्षे केसरीची एक अंतिम कुस्ती हरला आणि एक जिंकला. ‘खरा कोण’ याचं उत्तर कुठल्या संघटनेला मानता यावर आहे. समोरासमोरची कुस्ती विचाराल तर सिकंदर.

आई, तू हौदातल्या मातीचं विचारलं होतंस. लाल माती चाळून घेतात, त्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर आणि काव मिसळतात. हळद खरचटल्यावर उपयोगी, तेलाने धूळ बसते आणि माती मऊ राहते. रोज कुस्तीआधी हौद फावड्याने उकरून सारखा करायचा. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि अंगठ्याने टोचला की फुटावा, इतकी ओल हवी. कोरडी राहिली तर धूळ डोळ्यांत जाते आणि कोपर-गुडघे सोलतात. ओल जास्त झाली तर ढेकळं होतात, त्यात पाऊल अडकतं आणि घोटा मुरगळतो. बाहेरून मऊ दिसणारा हौद दोन दिवस उकरला नसेल तर वीतभर खाली फरशीसारखा कडक झालेला असतो. ढाक हा डाव लावून पडणाऱ्याचा खांदा निखळतो तो अशाच हौदात.

बायकांचाही महाराष्ट्र केसरी आता होतो. पहिली गदा मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडीने घेतली. टीव्हीवर लागेल तेव्हा आधी लाल आणि निळा पोशाख कुणाचा ते बघून ठेवा, फलकावर तेच दोन रंग असतात. आणि अंतिम कुस्ती सुरू होताना निवेदक कुणाला ‘माती विभागाचा विजेता’ म्हणतो तिकडे कान द्या. पहिल्या मिनिटात त्याच्या पायांकडे बघायचं.

तुमची,
धाकटी