पुट ऑफ म्हणजे फक्त ‘पुढे ढकलणे’ नाही हो!

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीत इंग्रजीचं सदर येतं ते आमच्याकडे सगळेच वाचतात, पण गेल्या वेळी ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे एवढंच देऊन विषय संपवला ते काही पटलं नाही.

अर्थ चुकीचा नाहीये, उलट तो तरी मला वेळेवर माहीत असता तर बरं झालं असतं. मागे एकदा मेल आला, ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’, मी म्हटलं ऑफ म्हणजे बंद, चला मीटिंग रद्द, आणि कागद गुंडाळून ठेवले, दोन दिवसांनी फोन आला की सगळे बसलेत, तुम्ही कुठे? रद्द करण्याला कॉल ऑफ म्हणतात हे त्या दिवशी कळलं!

आता तुमचं सदर वाचून भाच्याने ‘द स्मेल पुट मी ऑफ’ चं भाषांतर केलं, वासाने मला पुढे ढकललं. हसू आलं पण त्याची काय चूक? खरा अर्थ, वास आला आणि खायची इच्छाच गेली. खेळताना कोणी मधेच बडबड करून लक्ष उडवलं तरी पुट ऑफच, आणि पैसे मागायला आलेल्याला आज नको उद्या या म्हणून टाळलं तरी पुट ऑफच. नीट बघितलं तर सगळीकडे ऑफ म्हणजे लांब जाणं, काम लांबणीवर पडतं, माणसाला लांब ठेवतो, आणि मन काय, आपल्याकडेही ते उडतंच की. हे एकदा कळलं की पाठांतर निम्मं कमी होतं.

आणि क्रियापदाला ऑफ, अप असा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो, अशा जोड्यांना मराठी माणसाने घाबरायचं कारणच नाही. बोलून टाकलं, बोलून बसलो, बोलून घेतलं, तिन्हीत बोलणं तेच पण ‘बोलून बसलो’ म्हटलं की पस्तावा आलाच ना, तो कुठल्या शब्दकोशात बघून शिकलो आपण? इंग्रजीवाल्यांनाही हे अवघड असल्याची कल्पना आहे, सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास अशा जोड्यांचाच होतो.

अजून एक राहिलं, ‘पुट इट ऑफ’ म्हणायचं, ‘पुट ऑफ इट’ नाही, आणि पुढे क्रियापद आलं तर ‘पुट ऑफ गोइंग’, तिथे ‘टू गो’ चालत नाही. इथे भलेभले चुकतात (मी पण).

पुढच्या वेळी ‘पुट अप’ येणार असं छापलंय, त्यात पाहुण्याला रात्री घरी ठेवून घेणं पण येतं आणि भाव वाढवणं पण, तेवढं बघा प्लीज.

– एक नेहमीचा वाचक