रिकाम्या पदाची मुदत कायद्याने ठरवा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामीण आरोग्य यंत्रणेतील किमान मनुष्यबळ व कारभाराच्या अटी कायद्याने निश्चित करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या सेवेतून निवृत्त झालेला आरोग्य पर्यवेक्षक असून साताऱ्यात राहतो. दवाखान्यात डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, रुग्णवाहिका वेळेवर आली नाही, अशी निवेदने आपल्याकडे रोज येत असतील. माझे म्हणणे त्याच्या अलीकडच्या टप्प्याचे आहे. साथ येऊच नये म्हणून ज्यांनी गावोगाव फिरायचे, त्या आरोग्य सेवक, आरोग्य सहाय्यक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांची पदे रिकामी राहिली तर कोणी मोर्चा काढत नाही, कारण या पदांसमोर रांग लागत नाही.

या कामाचा एकच नमुना देतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक गावातील पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. हे सर्वेक्षण नीट करायचे तर टाकीवर चढून झाकण पाहावे लागते, गळका व्हॉल्व्ह गटाराच्या पाण्यात बुडालेला आहे का ते वाकून बघावे लागते, हातपंपाच्या फुटलेल्या ओट्यावरून सांडपाणी परत आत मुरते का हे तपासावे लागते. टीसीएलचे, म्हणजे पाणी शुद्धीकरणाच्या ब्लीचिंग पावडरचे, पोते ग्रामपंचायतीच्या ओलसर कोपऱ्यात तोंड उघडे पडलेले असेल, तर नव्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असणारा क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. मग पावडर रोज टाकूनही पाण्यातील क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळे होत नाही. हे सगळे पाहायला वाडीवर जावे लागते. एकाच आरोग्य सेवकाकडे दोन-तीन उपकेंद्रांचा कार्यभार असला की कार्ड टेबलावर बसून भरले जाते, आणि टेबलावर भरलेले कार्ड बहुधा हिरवेच निघते. पुढे जुलैमध्ये काविळीचे रुग्ण सापडले की त्याच टेबलावरून खुलासा मागवला जातो.

मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे निकष आपणास सांगायला नकोत. केंद्र शासनाने २००७ मध्ये भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके आणली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुधारून दिली. तरीही ती मार्गदर्शक मानकेच राहिली. ती पाळली गेली नाहीत म्हणून कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. शिवाय हा निकष डोकी मोजतो, अंतर मोजत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातील वाड्या लोकसंख्येच्या तक्त्यात किरकोळ दिसतात, पण तिथे एक फेरी करायची तर कर्मचाऱ्याचा अख्खा दिवस जातो. दुसऱ्या टोकाला शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यातील भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार आणि गळीत हंगामात कराड-वाळव्याच्या फडांवर उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या त्या तक्त्यात धडपणे येतच नाहीत, कारण आपण अजून २०११ च्या जनगणनेवर चाललो आहोत. लसीकरणाला मुकलेली मुले नेमकी अशाच पालांवर सापडतात, हे क्षेत्रात काम केलेला कोणीही सांगेल.

पदे मंजूर असूनही ती भरली जात नाहीत, हे याहून मोठे दुखणे आहे. जिल्हा परिषदांच्या गट-क पदांसाठी मार्च २०१९ मध्ये जाहिराती निघाल्या, ती प्रक्रिया रखडत रखडत अखेर रद्द झाली, आणि नव्या जाहिराती यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. मधल्या काळात कोविडच्या लाटा येऊन गेल्या. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, आणि त्याच आठवड्यात सांगलीत कृष्णेचा पूर आला. या सगळ्या काळात आरोग्य यंत्रणा 'अतिरिक्त कार्यभार' या एका शेऱ्यावर ओढली गेली. कर्मचाऱ्याने किती काळ एका जागी राहावे हे आपल्या विधिमंडळाने २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात तीन वर्षे असे ठरवून दिले आहे. खुर्चीवर कोणी किती दिवस बसावे हे कायदा सांगू शकतो, तर ती किती दिवस रिकामी राहावी हेही त्याला सांगता यायला हवे.

कारभाराची गुंतागुंत उपकेंद्राच्या दोन खोल्यांत पुरती दिसते. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची, म्हणजे तिची भरती ग्रामविकास विभागाच्या नियमांनी. समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी. आशा ताई मानधनावरच्या स्वयंसेविका. आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारे वैद्यकीय अधिकारी आपल्या विभागाचे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, जिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचा शब्द चालेलच असे नाही. साथ आली की बैठक सर्वांची होते; पद रिकामे कोणामुळे राहिले असे विचारले की फाइल दुसऱ्याच विभागात असते. अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा (समायोजनाचा) शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला, हे योग्यच झाले, पण अंमलबजावणीसाठी त्यांना पुन्हा आंदोलन करावे लागले.

आरोग्य आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहे, आणि १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाने आरोग्य समितीही दिली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची देशव्यापी शिफारस केली. त्याच पाच वर्षांत, मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर, सातारा-सांगलीसह बहुतेक जिल्हा परिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या ताब्यात होत्या. पैसा स्थानिक संस्थांच्या नावाने आला आणि त्याबद्दल प्रश्न विचारणारा निवडून आलेला सदस्य सभागृहात नव्हता. समिती असती तर सगळे सुरळीत झाले असते असा माझा भाबडा समज नाही. समितीच्या सभांत बदलीच्या शिफारशी आणि इमारतींची बिले यांतच वेळ जातो, हेही खरे. पण निदान इतिवृत्तात प्रश्न नोंदला जातो.

नगरपालिकांबद्दल एवढेच म्हणतो की त्यांचा आरोग्य विभाग प्रामुख्याने गटार आणि घंटागाडीत अडकलेला असतो. डेंग्यूच्या डासाला मात्र शहराची हद्द ठाऊक नसते.

तमिळनाडूत १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे आणि या कामाचे स्वतंत्र संचालनालयही आहे. केरळने २०२३ मध्ये आपला नवा कायदा केला. आपण अजूनही साथ आली की १८९७ चा साथरोग कायदा काढतो, आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या किमान संख्येबद्दल अक्षर नाही. सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संवर्ग राज्यांनी उभारावेत असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही म्हटले आहे.

म्हणून विनंती अशी की, राज्याच्या कायद्यात उपकेंद्रनिहाय किमान पदे लोकसंख्येबरोबर अंतर आणि हंगामी स्थलांतर धरून नमूद करावीत, अतिरिक्त कार्यभार सहा महिन्यांपुढे चालू देऊ नये, आणि तालुका आरोग्य अधिकारी पदावर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेलीच व्यक्ती नेमावी. रिक्त पदांचा तक्ता दर तिमाहीला आरोग्य समितीपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवणे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावे. वित्त विभाग खर्चाचा मुद्दा काढेल. त्यावर माझे उत्तर असे की पहिली मागणी नव्या पदांची नाही, मंजूर पदे भरण्याची आहे. डोंगरी भागात माणसे टिकत नाहीत ही अडचण खरी आहे, पण मोडकळीस आलेले निवासस्थान दुरुस्त न करता ती सांगणे बरे नव्हे.

गट-क पदांची भरती ग्रामविकास विभागाकडे असल्याने या पत्राची प्रत त्या विभागाच्या मंत्री महोदयांनाही पाठवत आहे. दोन्ही विभागांनी एकत्रित उत्तर द्यावे, ही अपेक्षा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक,
सातारा